स्केल नको वाढवू, समेवर यायला शीक

तुझा प्रश्न दोनदा वाचला. तीन वर्षं कीबोर्ड झाला, गाण्यांचे पीस जसेच्या तसे निघतात, पण कॉलेज रोडच्या कॅफेत गिटारवाल्याने "आता तू घे", म्हणजे आयत्या वेळी मनाने वाजव, म्हणून मान हलवली आणि तुझे हात गार पडले. आता विचारतोयस की ब्लूज, जॅझ, फंक, रेगे, लावणी, हिंदी या सगळ्यांचे स्केल (सुरांचे ठरलेले संच) वेगळे पाठ करायचे का आणि एकूण किती लागतील. अरे, आत्ता येतात त्यातलेच निम्मे बाजूला ठेव.

हे सांगतोय कारण मी स्वतः तसलाच होतो. स्केलच्या झेरॉक्सचा गठ्ठा होता माझ्याकडे, प्लास्टिकच्या फाईलमध्ये, कीबोर्डच्या बॅगेत कायम. गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर रिसेप्शन होतं, गायिकेचा माइक बंद पडला, बँडवाल्याने मला खूण केली आणि मी सोळा बारमध्ये (बार म्हणजे ठोक्यांचा एक गट) जेवढं येत होतं तेवढं सगळं ओतलं, वर काय, खाली काय, बोटं नुसती पळतायत, आणि मुखडा यायच्या वेळी मी भलतीकडेच. ढोलकीवाल्याने तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं) ओढूनताणून आणली म्हणून वाचलो. नंतर प्लेट घेऊन उभे होतो तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बोटं तुझी पळाली, समेवर कोण येणार होतं, मी?" त्या रात्री गुलाबजाम पण गोड लागला नाही.

पुढे वर्षभर पंचवटीत एका भजनी मंडळात बदली पेटीवाला म्हणून बसलो, इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते वाजवणं, तिथे शिकलो मी, ऑर्केस्ट्रात नाही. बुवा एकच ओळ चार वेळा घेणार, चारही वेळा उपज वेगळी, पण मुखडा पकडायची जागा तीच. पेटीवाल्याने पुढे पळायचं नाही, ऐकायचं, आणि बुवांचा श्वास संपला की त्यांच्या शेवटच्या तीन-चार सुरांनाच धरून भरणा करायचा. आता हेच ब्लूजमध्ये बघ. गायक दोन बार गातो, पुढचे दोन बार वाद्य उत्तर देतं. पेटीच्या जागी गिटार आहे एवढाच फरक समज.

आता बस कीबोर्डवर. पांढरी एकला सा धर आणि तीनच सूर घे: सा, कोमल ग, म. चौथा सूर महिनाभर बंद. बारा बारचा ब्लूज लाव, आयरियल प्रो ॲपवर मिळेल, टेम्पो साठ-सत्तर ठेव. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, असे येतील: पहिले चार बार सी सेव्हन, मग दोन एफ सेव्हन, दोन सी सेव्हन, मग एक जी सेव्हन, एक एफ सेव्हन आणि शेवटचे दोन परत सी सेव्हन. पहिल्या दोन बारमध्ये एक छोटं वाक्य वाजव, पुढचे दोन हात मांडीवर. खरंच मांडीवर, नाहीतर बोटं चुळबुळ करतात. पाचव्या बारला कॉर्ड बदलेल तेव्हा तू तेच वाक्य परत वाजव, काही न बदलता, आणि ऐक काय होतं ते. पहिल्या वेळी कोमल ग टोचत होता, कारण सी सेव्हनच्या पोटात शुद्ध ग आहे, दोन गंधार एकमेकांना घासतायत. एफ सेव्हनवर मात्र म म्हणजे कॉर्डचा मूळ सूर, सा त्याचा पंचम आणि तोच टोचणारा कोमल ग आता कॉर्डच्या आतला कोमल नि झाला. तीनही सूर घरात. तू काही केलं नाहीस, खालची जमीन सरकली. हे एकदा कानाला कळलं ना की चाळीस स्केलची गरज का नव्हती ते आपोआप कळतं.

ते दोन गंधारांचं घासणं हीच ब्लूजची चव. राग जोग ऐकला असशील तर त्यातही दोन्ही गंधार आहेत, चाल अगदी वेगळी, पण कानाला ओळख लागते. गिटारवाला तार ओढून दोघांच्या मधे जातो, आपल्याला ते जमत नाही, म्हणून महिना झाला की कोमल ग वरून बोट निसटवून शुद्ध ग वर टाक, दोन सूर वाजले असं वाटताच कामा नये.

आणि पेंटाटॉनिकचे (पाच सुरांच्या स्केलचे) पॅटर्न म्हणून जे पाठ करतोयस ते तुला शाळेपासून येतं. राग भूप येतो ना? भूपाच्या धैवताला सा म्हणून बघ, राग धानीचे सूर मिळतात, तीच तुझी मायनर पेंटाटॉनिक.

आता हेच तीन सूर रेगेत ने. तिथे वन ड्रॉप या ठेक्यात पहिला ठोका मोकळा असतो, ड्रमचा जोर तिसऱ्यावर, म्हणून वाक्य पहिल्याच्या नंतर सुरू कर, आधी उडी मारलीस की रेगे संपलं. फंकमध्ये बरोब्बर उलटं, पहिल्यावर सगळ्यांनी एकत्र पाय आपटायचा, म्हणजे आपली समच, आणि सूर तोकडे तोडायचे. लावणीत ढोलकीला प्रश्न टाक, चार मात्रांचा, आणि ती उत्तर देईपर्यंत गप्प बस (हे तरुण पोरांना सगळ्यात जड जातं, मलाही जायचं). हिंदी गाण्यात मुखड्याचीच चाल घे, शेवटचे दोन सूर बदल, बस. लोकांना गाणं ओळखू आलं पाहिजे, तुझी तयारी नंतर.

जॅझ मात्र शेवटी घे, तिथे तीन सुरांवर भागत नाही कारण जमीन दर बारला सरकते. सुरुवात एवढ्यावर कर: डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. पहिल्या कॉर्डला सा आणि म धर. दुसऱ्याला सा उतरून नि वर, म तिथेच. तिसऱ्याला म उतरून ग वर, नि तिथेच. दोन सूर आळीपाळीने पायरी उतरतात, सोलोचा सांगाडा हाच, बाकी सजावट. हे जड वाटलं तर जॅझ ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचा 1959 चा अल्बम 'काइंड ऑफ ब्लू' लाव, त्यातल्या पहिल्या ट्रॅकला सोळा बार एकाच मोडवर (सुरांच्या एकाच संचावर) आहेत, डी ला सा मानलं तर सूर आपल्या काफी थाटाचे, मग आठ बार अर्धा सूर वर, मग आठ परत खाली. ऐकताना तो कुठे थांबतो तेवढंच मोज.

एक नियम कडक पाळ, आधी तोंडाने गा मग वाजव. गाता येत नाही ते बोटांची सवय असते. कीबोर्ड जवळ नसला तरी चालतं. गणपतीआधी पथकांचा सराव चालू होतो तेव्हा कट्ट्यावर बसून ताशावर गुणगुण, ताशेवाला कुठे सोडतो आणि ढोल कुठे पडतो त्यात तुझं वाक्य बसव. लोक बघतात, बघू दे.

रोज वीस मिनिटं, त्यातली पाच मोबाईलवर रेकॉर्ड. महिना झाला की एक इथे टाक, पहिल्या झटक्यात घेतलेलं, एडिट न केलेलं. शनिवारी प्रोग्रामला असतो, रविवारी दुपारी ऐकून सांगतो. मांडीवर हात ठेवलेले बार मोजणार आहे.