कार्डाचं कोडं : खात्यात पैसे आहेत, तरी गेम का मिळेना?

सुट्ट्या आणि सेल एकदम आले की माझ्याकडे पत्रांचा नुसता पाऊस पडतो आणि यावेळी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच दुखण्याची आहेत, गेमच्या ऑनलाईन दुकानात कार्ड चालत नाही. मी काही वर्षं एका बँकेत कार्डाच्या तक्रारींचे फोन घ्यायचे त्यामुळे हे रडगाणं मला तोंडपाठ आहे. पत्रांमधली बँकांची आणि दुकानांची नावं काढून टाकलीत, आपल्याला भांडण लावायचं नाहीये, गेम मिळवायचाय.

प्रश्न : ताई, मुलाची बारावी झाली, त्याला एक कॉम्प्युटर गेम घेऊन द्यायचं कबूल केलं होतं. सेलमध्ये ८९९ ला आहे. खात्यात वीस हजार आहेत. डेबिट कार्ड मागच्याच महिन्यात नवीन आलंय, एटीएममध्ये चालतं, किराणा दुकानात चालतं, पण गेमच्या साईटवर टाकलं की डिक्लाईन. सात वेळा केलं, ओटीपीपण येत नाही. बँकेत गेलो तर म्हणाले खातं ओके आहे, साईटचा प्रॉब्लेम असेल. साईटवाले म्हणतात बँकेला विचारा. आता पोरगं म्हणतंय पप्पा राहू दे.
– एक वडील, इचलकरंजी

उत्तर : काका, पोराला सांगा राहू नको देऊ, पण तुम्ही आठव्यांदा मात्र अजिबात ट्राय करू नका, का ते पुढे सांगते.

आधी हे बघायचं की "नाही" म्हणालं कोण. साईटवर लाल अक्षरात काहीही येऊ दे, ते बऱ्याचदा साईटचं म्हणणं नसतंच. तुम्ही नंबर टाकला की तो दुकानाच्या बँकेकडून व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या वाटेने तुमच्या बँकेत येतो, तिथलं मशीन दोनतीन सेकंदात हो किंवा नाही म्हणतं, आणि नाही म्हणताना सोबत एक दोन आकडी कोड पाठवतं. ५१ म्हणजे पैसे कमी, ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपलेली, ५७ म्हणजे या कार्डाला असला व्यवहार करायची परवानगी नाही, ६१ म्हणजे लिमिटच्या वर गेलं, आणि ०५ म्हणजे नुसतं नाही, कारण सांगत नाही जा. हा कोड तुमच्यापर्यंत पोचत नाही, तुम्हाला फक्त "दुसरं कार्ड वापरून बघा" असं गोड वाक्य दिसतं. पण बँकेच्या कार्ड हेल्पलाईनवर जो बसलेला असतो त्याच्यासमोर तो दिसतो. काउंटरवरच्या साहेबांनी तुमचं खातं बघितलं, कार्डाचा व्यवहार बघितलाच नाही, म्हणून तर ते ओके म्हणाले. तेव्हा कार्डाच्या मागे जो नंबर छापलाय त्यावर फोन लावा आणि "कार्ड चालत नाही" असं मोघम बोलू नका, अमुक तारखेला इतक्या वाजता ८९९ चा ऑनलाईन व्यवहार नाकारलाय, त्याचं कारण काय दिसतंय, असं विचारा. त्या वेळेला त्यांच्याकडे काही आलेलंच दिसत नसेल तर समजायचं की नकार दुकानाच्या बाजूने झालाय, मग त्यांच्याशी भांडा.

तुमच्या बाबतीत मी पैजेवर सांगते, ५७ निघणार. रिझर्व्ह बँकेने १५ जानेवारी २०२० ला एक सर्क्युलर काढलं, ते १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालं, त्याप्रमाणे नवीन किंवा बदलून दिलेलं कार्ड हातात येतं तेव्हा फक्त देशातल्या एटीएमला आणि दुकानातल्या मशीनला चालू असतं. ऑनलाईन बंद, इंटरनॅशनल बंद, टॅप करून पैसे द्यायचं तेही बंद. हे सगळं आपण चालू करायचं असतं आणि हे कार्ड देताना कुणी सांगत नाही, त्या जाड पाकिटातल्या बारीक अक्षरात असतं आणि पाकीट आपण रद्दीत टाकतो. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जा, तिथे बटणं असतात. ॲप नसेल तर नेटबँकिंगवरून, हेल्पलाईनच्या मशीनवरून किंवा एटीएमवरूनपण होतं.

आता मेख ऐका. तुम्ही म्हणाल किंमत रुपयात आहे मग इंटरनॅशनल कशाला चालू करू? तर किंमत रुपयात दिसली तरी पैसे घेणाऱ्याची बँक परदेशात असली की तुमच्या बँकेच्या लेखी तो व्यवहार परदेशी. ओटीपी न येणं ही त्याची एक खूण आहे. आपल्याकडे २००९ पासून ऑनलाईन कार्डाला पासवर्ड किंवा ओटीपीसारखं काहीतरी वरचं लागतंच, पण परदेशातल्या दुकानांवर ही सक्ती तशी नव्हती, त्यामुळे तिकडे बरेचदा ओटीपी न विचारताच हो किंवा नाही होऊन जातं. तेव्हा देशातलं ऑनलाईन आणि परदेशातलं ऑनलाईन अशी दोन वेगळी बटणं असतील तर दोन्ही चालू करा, आणि बटणाखाली लिमिटचा आकडा असतो तोही बघा, कित्येकदा बटण हिरवं असतं आणि लिमिट शून्य. लिमिट हजारावर ठेवा, गेम घेतला की परदेशातलं बटण परत बंद करा, ओटीपी न लागणारा दरवाजा उघडा टाकून झोपू नये. आणि हो, काही बँका रुपयातल्या परदेशी व्यवहारावरही थोडा चार्ज लावतात आणि त्या चार्जवर १८ टक्के जीएसटी, स्टेटमेंटमध्ये दहावीस रुपये जास्त दिसले तर दचकू नका. साधं रुपे डेबिट असेल तर मात्र त्यावर परदेशातला व्यवहार बऱ्याचदा नसतोच, बटण शोधत बसू नका.

आता ते सात वेळाचं. पाच मिनिटात एकच रक्कम एकाच साईटवर सातदा मारली की बँकेच्या मशीनला वाटतं कार्ड चोरलंय, ते थोड्या वेळासाठी कार्डच अडवतं. दुकानही तसंच करतं, स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाईन दुकानात तर सरळ मेसेज येतो की गेल्या काही तासात फार प्रयत्न केलेत, थांबा. अशा वेळी बटणं सगळी बरोबर करूनही नकारच येतो आणि माणूस म्हणतो बटणाने काही होत नाही. म्हणून आज बटणं करा, आणि गेम उद्या सकाळी एकदाच घ्या.

आणि एवढं सगळं नको असेल तर सरळ यूपीआय करा की! स्टीमवर भारतातल्या खात्याला यूपीआय चालतं, कार्डाचा संबंधच येत नाही. हे आधी सांगायला हवं होतं मी, पण मग तुम्ही वरचं वाचलं नसतं.

प्रश्न : यूपीआयने १२९९ कट झाले, मेसेज आला, पण गेम लायब्ररीत आलाच नाही. परत घ्यायला गेलो तर म्हणतं आधीचा व्यवहार पेंडिंग आहे. मित्र म्हणतो नेटवर कस्टमर केअरचा नंबर मिळतो तिथे फोन कर.
– एक वाचक, नांदेड

उत्तर : मित्राचं ऐकू नकोस भाऊ. नेटवर शोधून सापडलेला "कस्टमर केअर" नंबर बऱ्याचदा चोराचाच असतो, तो गोड बोलून स्क्रीन शेअर करायला लावतो आणि १२९९ चे पन्नास हजार होतात. केलाच असशील फोन आणि पैसे गेले असतील तर पुढचं वाचू नको, आधी १९३० लाव, ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन आहे.

नसेल केला तर शांत हो. दुकानाच्या परचेस हिस्टरीत जा, तिथे तो व्यवहार पेंडिंग दिसतोय का बघ. काही तासात तो एकतर पूर्ण होऊन गेम येतो नाहीतर फेल होतो. तो तसाच अडकून राहिला आणि कॅन्सल करायची सोय दिसत असेल तर कॅन्सल कर, तोपर्यंत दुसऱ्यांदा पैसे भरू नको. फेल झाला तर पैसे आपोआप परत यायला पाहिजेत. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं सर्क्युलर आहे, दुकानाला यूपीआयने दिलेले पैसे खात्यातून गेले आणि दुकानाला पोचले नाहीत तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसात परत, आणि उशीर झाला की दर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने स्वतःहून द्यायची. कार्डाने देशात ऑनलाईन भरलेल्यालाही हेच. यूपीआय ॲपमधला तो १२ आकडी नंबर लिहून ठेव, तक्रार त्याच्यावरच चालते, स्क्रीनशॉटवर नाही. तीस दिवसात बँकेने उत्तर दिलं नाही किंवा टोलवाटोलवी केली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते, फुकट.

एक वेगळी गंमत असते, क्रेडिट कार्डवर गेम न मिळता रक्कम "गेलेली" दिसते, ती बऱ्याचदा नुसती अडवून ठेवलेली असते, कापलेली नसते. स्टेटमेंटला आली तर गेली. नाही आली तर काही दिवसात आपोआप सुटते.

प्रश्न : आमच्या बँकेचा माणूस म्हणतो सरकारने गेमिंगवर बंदी आणलीय म्हणून कार्ड चालत नाही. खरं का? मी फुटबॉलचा गेम घेतोय हो, जुगार नाही.
– एक वाचक, सातारा

उत्तर : अर्धवट ऐकलेलं दिसतंय साहेबांनी. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाईन गेमिंगचा कायदा आला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली, त्यात बंदी आहे ती पैसे लावून पैसे जिंकायच्या आशेने खेळतात त्या खेळांवर, आणि बँकांनाही अशा खेळांचे पैसे पुढे पाठवायला मनाई आहे. ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, त्यात नाहीत. तुम्ही दुकानातून गेम विकत घेताय, बॉल विकत घेतल्यासारखं आहे ते.

पण माणूस अगदीच खोटं बोलत नसेल. प्रत्येक दुकानाला त्याची बँक एक चार आकडी कोड देते, सट्टा-लॉटरीवाल्यांचा ७९९५, डिजिटल गेम विकणाऱ्यांचा ५८१६. काही बँका घाबरून गरजेपेक्षा जास्त जाळं टाकतात आणि त्यात तुमचा फुटबॉल अडकू शकतो. हेल्पलाईनला विचारा की दुकानाच्या कोडमुळे अडवलंय का, हो म्हणाले तर लेखी मागा. लेखी मागितलं की बऱ्याच गोष्टी आपोआप चालू होतात, हा माझा अनुभव.

प्रश्न : ताई, मी पुण्याचा, सध्या जर्मनीत मास्टर्स करतोय. स्टीमचं खातं भारतातलं आहे, इथलं जर्मन कार्ड टाकलं तर घेत नाही. बाबांचं कार्ड टाकलं तर तेही नाही. रुपयातल्या किमती सोडवत नाहीत!

उत्तर : शेवटचं वाक्य खरं बोललास. स्टीमच्या खात्याचा देश तू राहतोस तोच असायला हवा आणि तो बदलताना त्या देशातल्या कार्डाने किंवा खात्याने एक खरेदी करावी लागते. तीन महिन्यातून एकापेक्षा जास्त वेळा देश बदलता येत नाही. कार्डाच्या पहिल्या आकड्यांवरूनच ते कुठल्या देशातल्या कुठल्या बँकेचं ते कळतं, त्यामुळे दुकान भारताचं आणि कार्ड जर्मनीचं हे लपत नाही. बाबांचं कार्ड उलट्या बाजूने अडकतं, कार्ड भारताचं आणि माणूस जर्मनीत. व्हीपीएन लावून भारतात असल्याचं दाखवू नकोस, त्यांच्या नियमात बसत नाही आणि कॉलेजपासून जमवलेली लायब्ररी अडकली तर मला पत्र लिहून उपयोग नाही. देश बदल, युरोत घे. आणि तिकडे कार्डाला ओटीपीऐवजी बऱ्याचदा बँकेच्या ॲपमध्ये मंजुरी द्यावी लागते, ते ॲप आत्ताच्या फोनवर चालू आहे ना बघ, जुन्या फोनवर राहिलं असेल तर मंजुरीची वेळ निघून जाते आणि डिक्लाईन येतं.

प्रश्न : गेमचं मंथली सबस्क्रिप्शन पहिल्यांदा झालं, नंतर दर महिन्याला फेल. कार्ड तेच आहे.
– एक वाचक, पणजी

उत्तर : १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरचं आपोआप कटणारं पेमेंट बँकेकडे वेगळं नोंदवावं लागतं, पहिल्या वेळी ओटीपी, मग दर वेळी कटण्याआधी २४ तास मेसेज, आणि २०२२ पासून १५,००० पर्यंत पुन्हा ओटीपी नाही. तुमच्या दुकानाने ही नोंदणीची पद्धत घेतली नसेल तर पहिलं जातं, पुढची अडकतात. बँकेच्या ॲपमध्ये मँडेटच्या, म्हणजे आपोआप कापायला दिलेल्या परवानग्यांच्या, यादीत ते दिसतंय का बघा. नसेल तर वर्षाचं एकदम भरा किंवा दुकानाच्या वॉलेटमध्ये पैसे टाकून त्यातून कटू द्या. टेलिग्रामवरचे अर्ध्या किमतीतले गिफ्ट कोड मात्र घेऊ नका.

प्रश्न : कार्डामागचा सीव्हीव्ही पाकिटात घासून घासून पुसट झालाय, मधला आकडा आठ आहे की तीन कळत नाही. बँक फोनवर सांगेल का?
– एक आजी, डोंबिवली

उत्तर : नाही सांगणार आजी, आणि कुणी सांगतो म्हणाला तर तो बँकेचा नाही. आठ टाकून बघू, तीन टाकून बघू असं करू नका, चुकीचा आकडा दोनचारदा गेला की कार्ड अडवतात. काही बँकांच्या ॲपमध्ये कार्डाचे सगळे आकडे दिसतात, नातवाला तिथे बघायला सांगा. तिथेही नसेल तर नवीन कार्ड मागवा, आणि ते आलं की वरचं इचलकरंजीच्या काकांचं उत्तर पुन्हा काढून वाचा, बटणं बंदच येणारेत.