सरकारी माहिती गोळा करून विकली तर चालतं का, आणि पैसे मिळतात का?

चालतं, पण तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओत सांगितलंय त्या कारणाने नाही. तुम्ही लिहिलंय की सरकारी माहितीवर कॉपीराइट नसतो असं त्यातून कळलं, म्हणून सरकारी संकेतस्थळांवरच्या पीडीएफ उतरवून, बरं मुखपृष्ठ लावून, नोकरी सांभाळून विकायचा विचार आहे. गोव्यात काय खपेल आणि ॲमेझॉनवर टाकता येईल का, हेही विचारलंय. माझं फोंड्याला टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. जोडीला मी कायद्याच्या छोट्या मराठी पुस्तिका काढतो आणि काही गिऱ्हाइकांसाठी गॅझेटवर, म्हणजे सरकारी राजपत्रावर, नजर ठेवतो. वकील नाही. धंद्यात राहून जे कळलं तेवढं सांगतो.

तो व्हिडिओ बहुधा अमेरिकेतलं बघून केलेला आहे. तिथे केंद्र सरकारच्या नोकरांनी कामाचा भाग म्हणून तयार केलेल्या मजकुरावर कॉपीराइट नसतो, त्यांच्या कायद्याचं कलम 105 तसंच म्हणतं. म्हणून नासाचे फोटो छापलेली कॅलेंडरं कोणीही काढतो. आपल्याकडे 1957 चा कॉपीराइट कायदा नेमका उलटा आहे. सरकारी प्रकाशनाचा पहिला मालक सरकार, आणि तो हक्क प्रकाशनाच्या पुढल्या वर्षापासून 60 वर्षं. डॉ. गुणे यांनी संपादित केलेलं गोव्याचं गॅझेटियर, म्हणजे प्रदेशाच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, 1979 चं आहे. जुनं वाटतं, वाचनालयात त्याची पानं पिवळी पडलीत, पण हिशेब केला तर 2039 संपेपर्यंत ते सरकारचंच. उलट मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड 1880 चा. तो मोकळा आहे, पेडण्यापलीकडच्या मुलखाची माहिती त्यातून घेऊन तुम्ही खुशाल पुस्तक काढा. संकेतस्थळावर फुकट मिळतं म्हणजे विकायलाही मोकळं, असं समजू नका. पर्यटन खात्याची पत्रकं, त्यातले फोटो, योजनांची माहितीपत्रकं यांवर हात टाकण्याआधी त्या संकेतस्थळाच्या तळाशी असलेलं कॉपीराइट धोरण वाचा. बऱ्याच ठिकाणी ‘परवानगी घेऊन, स्रोत सांगून वापरा’ असं लिहिलेलं असतं.

मग मोकळं काय? कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मधलं ‘क्यू’ पोटकलम पाठ करून ठेवा, आपला सगळा धंदा त्यावर उभा आहे. राजपत्रात, म्हणजे गॅझेटमध्ये, छापलेला मजकूर कोणीही पुन्हा छापू शकतो: नियम, अधिसूचना, शुल्काचे तक्ते, नोटिसा. अपवाद विधिमंडळाने केलेल्या कायद्याचा. कायदाही छापता येतो, पण नुसता नाही. त्याच्यासोबत भाष्य किंवा तुमचा स्वतःचा काही मजकूर हवा. विधानसभेच्या पटलावर ठेवलेले समित्यांचे अहवाल आणि न्यायालयांचे निकाल मोकळे, जोवर मनाई केलेली नाही तोवर. त्याच्या पुढचं ‘आर’ पोटकलम आपल्या मराठीवाल्यांच्या कामाचं आहे. कायद्याचा भारतीय भाषेतला अनुवाद सरकारने केलेला नसेल, किंवा केलेला असून विक्रीला नसेल, तर तो तुम्ही करून छापू शकता. फक्त ‘हा अनुवाद सरकारने अधिकृत म्हणून मान्य केलेला नाही’ हे ठळक छापावं लागतं. मी ते आतल्या पहिल्या पानावर मोठ्या टायपात घालतो. लोक बिचकतील असं वाटलं होतं, पण आजवर त्यावरून कोणी पुस्तिका परत ठेवलेली नाही.

निकालांबाबत एक खटला माहीत असू द्या. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक, सर्वोच्च न्यायालय, डिसेंबर 2007. न्यायालय म्हणालं की न्यायाधीशांनी लिहिलेला मूळ निकाल सगळ्यांचा. पण प्रकाशकाने त्यावर डोकं चालवून जी परिच्छेदांची फोड केली, त्यांना क्रमांक दिले, आत टिपणं घातली, ते त्याचं. मूळ मजकूर घ्या तो न्यायालयाच्या संकेतस्थळावरून, दुसऱ्याच्या पुस्तकातून नको. आणि उद्या तुमच्या पुस्तिकेतलं स्पष्टीकरण कोणी जसंच्या तसं उचललं तर तुम्हालाही बोलायला तोंड राहतं.

आता खपाचं. मराठीत कायद्याच्या पुस्तकांचा तुटवडा नाही, पुण्या-मुंबईहून ढिगाने येतात. मध्यंतरी एक गृहस्थ असंच एक वारसाहक्काचं पुस्तक घेऊन दुकानात आले. पानोपानी पेन्सिलीच्या खुणा, मागच्या कोऱ्या पानावर भावंडांच्या वाटण्यांचा हिशेब, सगळा हिंदू वारसा कायद्याप्रमाणे. त्यांना अर्ज टाइप करून हवा होता. मी विचारलं, घर कुठे? म्हणाले, माशेलला. झालं! गोवेकराला तो कायदा लागूच नाही. इथे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा. लग्नानंतर मालमत्तेत नवरा-बायकोचा निम्मा निम्मा वाटा, आणि वारसाची कामं आता 2012 च्या गोवा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायद्याप्रमाणे, जो 2016 पासून अंमलात आला. त्यांचा अख्खा हिशेब पहिल्या ओळीपासून चुकलेला. जमिनीचंही तेच. ती पुस्तकं सातबारा समजावतात, आपल्याकडे एक-चौदाचा उतारा. कूळ-मुंडकाराचे (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा तो मुंडकार) कायदे वेगळे, कोमुनिदादीची, म्हणजे जमिनी धरून असलेल्या जुन्या गावकरी-संस्थेची, 1961 ची संहिता वेगळी, पंचायत कायदा 1994 चा आणि तोही आपला. महाराष्ट्रातला प्रकाशक बारा तालुक्यांसाठी वेगळं पुस्तक काढायच्या फंदात पडत नाही, आणि इथलं बरंचसं लिखाण इंग्रजीत. ही मधली फट आपली.

माझी सर्वात जास्त गेलेली पुस्तिका पंचांसाठीची आहे. राज्यात 191 पंचायती. निवडणूक झाली की निम्मेअधिक चेहरे नवे असतात, आणि पहिल्याच ग्रामसभेत कोणीतरी उठून विचारतो की हा ठराव कोणत्या कलमाखाली. तिथे कायद्याची सगळी कलमं कोणाला नको असतात. ग्रामसभेची नोटीस किती दिवस आधी, गणपूर्ती किती, बांधकाम परवाना नाकारला तर अपील कोणाकडे, सचिवाने इतिवृत्त कधी द्यायचं, एवढं प्रश्नोत्तरांत दिलं आणि खाली कलमाचा क्रमांक टाकला की झालं. किंमत 120 रुपये. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, फुकट मिळतो. एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि कायद्याने ठरवलेल्या आणखी तीन ग्रंथालयांना पाठवावी लागते, ते विसरू नका. पण पंचांचा हंगाम पाच वर्षांतून एकदा. मधल्या काळात पुस्तिका रद्दी होऊ न देणं हीच मेहनत. कायद्यात दुरुस्ती आली की शुद्धिपत्र छापून उरलेल्या प्रतींत घालायचं, जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवायचं.

नियमित पैसा गॅझेटमध्ये आहे, आणि तो वाचायचा कंटाळा असलेल्यांच्या खिशात. गोव्याचं राजपत्र तीन मालिकांत निघतं, शिवाय असाधारण अंक, जे कोणत्याही दिवशी येऊ शकतात. सगळं पणजीच्या सरकारी मुद्रणालयाच्या संकेतस्थळावर फुकट. आता नगरनियोजन कायद्यात 2024 साली घातलेलं 39ए कलम घ्या. जमिनीचा झोन बदलायचा प्रस्ताव गॅझेटमध्ये येतो आणि लोकांना हरकती-सूचनांसाठी 30 दिवस मिळतात. तुमच्या घरामागचा डोंगर ‘सेटलमेंट’, म्हणजे वस्तीसाठी बांधकामाला मोकळा, होतोय हे तुम्हाला एकतिसाव्या दिवशी कळलं तर काय उपयोग? माझ्याकडे गावांची यादी आहे, गिऱ्हाइकाने सांगितलेली. अंक आला की त्या गावातलं जे काही असेल, झोनबदल, भूसंपादन, ते मराठीत चार ओळींत लिहून मूळ पानासकट पाठवतो.

यात मेहनत कुठे आहे, तर शोधण्यात. पीडीएफमध्ये गावाचं नाव टाकून शोधलं की सापडेल, असं वाटतं. पण डिचोली तिथे बिचोलिम असते, केपे क्वेपेम, साखळी संक्वेलिम. केरी हे गाव घ्या. पेडण्यात एक केरी, सत्तरीत एक, आमच्या फोंड्यातही एक. इंग्रजीत कधी ‘के’पासून लिहिलेलं, कधी ‘क्यू’पासून. नोटिशीत तालुका वरच्या शीर्षकात असतो आणि सर्व्हे नंबर तीन पानं खाली तक्त्यात. घाईत कोणी सत्तरीतल्या माणसाला पेडण्याची नोटीस पाठवली की त्याची रात्रीची झोप गेली आणि तुमचं गिऱ्हाईक गेलं. त्यामुळे नावांच्या सगळ्या स्पेलिंगांची वही आणि सर्व्हे नंबर नकाशावर ताडून बघायची सवय, या दोन गोष्टींचेच लोक पैसे देतात. गिऱ्हाईक कोण? वकील, सर्व्हेअर, ग्रामसभेत लढणारे, आणि मुंबईत किंवा लंडनला राहणारे ज्यांचं भाट (बागायती जमीन) गावी पडून आहे. वर्षाची वर्गणी घ्या. एकेका नोटिशीचे सुटे पैसे मागत बसलात तर वसुलीतच दमाल.

हे छापून ठेवायचं काम का नाही, तेही सांगतो. नगरनियोजन कायद्याच्याच कलम 17(2) खालचे झोनबदलाचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च 2025 मध्ये रद्द केले. त्याआधी कोणी त्या नियमांचं पुस्तक छापून गठ्ठे लावून ठेवले असतील, तर ते त्या दिवशी वजनावर विकायच्या लायकीचे झाले.

आकडेवारी विकायची असेल तर केंद्राच्या डेटा डॉट जीओव्ही डॉट इन वर जा. तिथल्या माहितीसाठी 2017 पासून सरकारी मुक्त परवाना आहे, व्यावसायिक वापर चालतो, स्रोत सांगावा लागतो. मला स्वतःला त्यातून फारसं काही जमलेलं नाही, इथे आकडे विकत घेणारे थोडे. भरतीपरीक्षांची गोवा सामान्यज्ञानाची पुस्तकं खपतात, पण तिथे गर्दी आहे आणि एकमेकांचं उचलणं इतकं चालतं की एका पुस्तकातली चूक पाच पुस्तकांत दिसते.

काही गोष्टींना मी हात लावत नाही. मतदारयाद्या, लाभार्थ्यांच्या याद्या, एक-चौदावरच्या मालकांची नावं जमवून एजंटांना देणं. मागणी भरपूर आहे, पैसाही चांगला, पण मी करणार नाही. अशोकस्तंभाची मुद्रा मुखपृष्ठावर घालू नका, 2005 चा कायदा आहे त्यासाठी आणि शिक्षा तुरुंगाची. ‘गोवा सरकार’ मोठ्या अक्षरांत आणि स्वतःचं नाव मुंगीएवढ्या अक्षरांत, असले कव्हरही नको. आणि गृहआधार किंवा दयानंद या सरकारी मदतीच्या योजनांचा कोरा अर्ज ‘नोंदणी शुल्क’ म्हणून शंभर रुपयांना विकणारे असतात, त्यांच्यात जाऊन बसू नका. अर्ज भरून दिल्याचे पैसे घ्या, झेरॉक्सचे घ्या, पण कागद सरकारकडे फुकट मिळतो हे समोरच्या बाईला आधी सांगा. माझ्या दुकानात तशी पाटीच आहे. तरी बहुतेकजणी भरूनच घेतात.

ॲमेझॉनचं म्हणाल, तर किंडलवर मोकळा मजकूर जसाच्या तसा टाकलेला ते घेत नाहीत, जर त्याची फुकट आवृत्ती त्यांच्याकडे आधीच असेल. स्वतःचा अनुवाद, स्वतःच्या टिपा, किंवा किमान दहा चित्रं असतील तर घेतात, आणि तसं शीर्षकात लिहावं लागतं. मानधनही अशा पुस्तकाला 35 टक्केच, 70 चा पर्याय मिळत नाही. म्हणजे पीडीएफला कव्हर लावायची तुमची मूळ कल्पना तिथे पहिल्याच पायरीवर अडकेल. केलंच तर वारसा कायद्यावर स्वतःच्या शब्दांत, गोव्यापुरतं लिहा आणि छापण्याआधी एखाद्या इथल्या वकिलाकडून पैसे देऊन तपासून घ्या. त्या तपासणीचा खर्च पहिल्या आवृत्तीत निघत नाही, तो दुसरीत धरा.