स्लॅकमधला मेसेज डिलीट करणारं टूल एआय एजंटला देताना त्याच्या वर्णनात काय लिहावं?

पहिल्याच ओळीत लिहा: 'हे टूल मेसेज कायमचा काढून टाकतं, तो परत आणता येत नाही, माणसाने स्पष्ट सांगितल्याशिवाय वापरू नये.' कारण एजंट टूल निवडतो ते हे वर्णन वाचूनच. तिथे नुसतं 'मेसेज डिलीट करतं' असेल, तर चुकीचा शब्द दुरुस्त करायलाही तो अख्खा मेसेज उडवू शकतो. म्हणून 'दुरुस्तीसाठी एडिटचं टूल वापरा' हेही तिथेच सांगा.

स्लॅकच्या अधिकृत डॉक्युमेंटेशननुसार 'चॅट.डिलीट'ला (chat.delete, कोडमधून मेसेज डिलीट करायची स्लॅकची कमांड) टोकन, म्हणजे प्रवेशाची किल्ली, सोडून दोन गोष्टी लागतात:
- चॅनेलचा आयडी
- मेसेजचा टाइमस्टॅम्प, उदा. '1712345678.001200'. हा स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) म्हणूनच द्यायचा हे ठळक लिहा. आकडा म्हणून गेला तर शेवटची शून्यं गळतात आणि मेसेज सापडत नाही.

बॉट टोकनने (बॉटच्या नावाने काम करणाऱ्या टोकनने) फक्त त्या बॉटचेच मेसेज डिलीट होतात, हेही नोंदवा. नाहीतर एजंट दुसऱ्याच्या मेसेजवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो.

मात्र वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. युजर टोकन (एखाद्या माणसाच्या नावाने काम करणारं टोकन) वापरत असाल, तर त्या माणसाला जे डिलीट करता येतं ते सगळं एजंटलाही करता येतं. तिथे डिलीट करण्याआधी माणसाची परवानगी घेणं कोडमध्येच सक्तीचं करा.