कालचा हिशोब रोज गायब!

प्रश्न : सर, आमचं शाहूपुरीत गुळाचं दुकान हाय. रोज किती रवे गेले ते पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतून फाईलमध्ये लिहितोय, पण बघावं तर कालचं सगळं गायब, फक्त आजची ओळ! काय चुकतंय?

उत्तर : भावा, तू फाईल 'डब्ल्यू' (w, म्हणजे नव्याने लिहायच्या) मोडमध्ये उघडतोयस बघ, तो मोड उघडतानाच जुनी फाईल कोरी करतो, तू एक अक्षर लिहायच्या आधीच. त्याजागी 'ए' (a) टाक, मग शेवटाला जोडत जातं. ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश-एन (\n, म्हणजे नवी ओळ सुरू करायची खूण) दे, नाहीतर सगळे रवे एकाच ओळीत. आणि 'विथ ओपन' वापर, फाईल आपोआप बंद होते, मी क्लोज विसरून लई डोकं फोडून घेतलंय. गिऱ्हाइकांची नावं मराठीत असतील तर एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, युटीएफ-8 सांग. गेलेला हिशोब मात्र वडिलांच्या वहीतूनच उतरवून घे.