लॉनवर पिवळे डाग पडलेत, युरिया टाकू का?

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबर लागला आणि लॉनमध्ये ताटाएवढे पिवळे डाग पडले, रोज सकाळ-संध्याकाळ पाणी देऊनही हटत नाहीत, तर युरिया टाकावा का. नका टाकू. आधी पिवळ्या डागातलं मूठभर गवत धरा आणि वर ओढा.

इतक्या हट्टाने सांगतोय, कारण माझ्या घरी ओढून बघायच्या आधीच खत पडलं होतं.

नाशिकला आमच्या घरापुढे सहाशे स्क्वेअर फुटांचं हरळीचं लॉन आहे. शेती निफाड तालुक्यात, ती थोरला भाऊ बघतो. हरळी लावणार म्हटल्यावर दादा भडकला होता. "वडलांनी जन्मभर कुदळीने जी खणून काढली, ती तू दारात लावणार?" मी त्याच बांधावरून दोन पोती हरळी आणली, चार-चार बोटांवर कांड्या टोचल्या आणि तीन महिन्यांत माती दिसेनाशी झाली. गणपतीत गल्लीतल्या चार घरांच्या दूर्वा आमच्याकडून जातात. मला त्याचा अभिमान आहे.

तिसऱ्या वर्षी, अनंत चतुर्दशीच्या सुमारास, डाग दिसू लागले. दादा तेव्हा आलेला होता. "भुकेलीय ती, युरिया दे." मी म्हटलं, थांब, आधी बघू. पण त्याने दुकानातून आणला आणि भर दुपारी ओल्या गवतावर मुठी-मुठीने फेकला. वर झारीभर पाणी. चौथ्या दिवशी जे हिरवं राहिलं होतं तेही करपलं.

खरं कारण आईने ओळखलं. आठ दिवस साळुंक्यांचा थवा नेमका डागांवरच उतरायचा आणि चोची खुपसायचा. आई म्हणाली, "त्या उगाच नाही येत, खाली काहीतरी आहे." मी गवत ओढलं तर सतरंजी उचलावी तसा तुकडा हातात आला. मुळं नव्हतीच. खाली पांढऱ्या, जाडजूड, तपकिरी डोक्याच्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या. एक फूट लांब-रुंद तुकड्याखाली अकरा मोजल्या. हुमणी! जमिनीत राहून मुळं खाणारी, भुंगेऱ्याची अळी.

दादा ऊस पिकवतो, हुमणी त्याने माझ्यापेक्षा जास्त पाहिलीय. तरी तो आजही म्हणतो, "हुमणी उसाला लागते, लॉनला नाही. ती तुझ्या शेणखतातली अळी." दर दिवाळीला हेच. म्हणून इथे स्पष्ट लिहितो. ऊस काय, हरळी काय, दोन्ही गवतंच. हुमणीला मुळं मिळाली की झालं. वळवाचा किंवा मृगाचा चांगला पाऊस झाला की तिचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून निघतात, कडुलिंब-बाभळीवर जमतात, पाला खातात आणि माद्या मातीत अंडी घालतात. आमच्या कुंपणालाच कडुलिंब आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात अळी मोठी आणि खादाड होते, म्हणून डाग तेव्हाच दिसतात. शेणखतातल्या अळ्या कुजलेलं खातात. माझ्या हरळीची जिवंत मुळं कुरतडलेली होती. तो तुकडा मी दादासमोर धरला होता, त्याने पाहिलासुद्धा नाही.

मग मी डाग उचलून अळ्या हाताने वेचल्या, मेटारायझियम या अळ्या मारणाऱ्या बुरशीची पावडर पूर्ण कुजलेल्या शेणखतात कालवून संध्याकाळी ओल्या मातीत मिसळली, आणि उघड्या जागी पुन्हा कांड्या टोचल्या. पुढच्या जूनमध्ये तीन आठवडे रोज रात्री आठच्या सुमारास कडुलिंबाच्या फांद्या काठीने हलवल्या आणि पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकले. खरा फरक या कामाने पडला. अळीमागे धावण्यापेक्षा भुंगेरा धरणं कितीतरी सोपं.

पाण्याचं म्हणाल तर रोज दोनदा देणं आजच बंद करा. वरची माती सतत ओली राहिली की मुळं वरच बसतात. खुरपी खुपसून बघा, चार-पाच बोटं खालची माती सुकली की सकाळी भरपूर द्या. पावसाळ्यात तर बहुतेक दिवस गरजच नसते. आणि कापताना पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त उडवू नका.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते. गवत घट्ट बसलेलं असेल, ओढून येत नसेल, तर ही हुमणी नव्हे. डागाभोवती गडद हिरवी कड असेल तर कुत्र्याचं मूत असू शकतं. नाहीतर संध्याकाळच्या पाण्याने आलेली बुरशी. हरळीला भरपूर ऊन लागतं, झाडाखाली ती विरळच राहणार, तिथे माझा अनुभव उपयोगाचा नाही. आणि युरियाशी माझं वैर नाही. मुळं शाबूत असतील तर कोरड्या पात्यांवर हलक्या हाताने टाका आणि लगेच भरपूर पाणी द्या.

पण आज आधी गवत ओढून बघा. अळ्या निघाल्या तर मुळांसकट फोटो इथे टाका, मला तो दादाला पाठवायचाय.