जुन्या द्राक्षबागेतलं तांबं मोहरीने निघेल का?

दादा, पिंपळगावकडची जुनी द्राक्षबाग तोडून तुम्ही टोमॅटो लावलेत, रोपं खुरटलीत, रिपोर्टात कॉपर जास्त आलंय आणि कुणीतरी मोहरी पेरायला सांगितलंय. हेच माझ्या निफाडच्या रानात झालं, म्हणून लिहितो. मी शेतकरी आहे, मृदाशास्त्रज्ञ नाही. तुमच्या मातीचं गणित थोडं वेगळं असेल.

मोहरी तांबं उचलते, पण किती? एकराची वरची अर्धा फूट माती ८ ते ९ लाख किलो भरते. किलोमागे ५० मिलिग्रॅम तांबं कमी करायचं तर ४० किलोच्या वर काढावं लागतं. एकरी २ टन वाळलेला पाला आणि त्यात किलोमागे ५० मिलिग्रॅम तांबं धरा, एका पिकात निघालं १०० ग्रॅम. उलट किलोभर मोरचुदात (कॉपर सल्फेट) पाव किलो तांबं असतं. एक टक्का बोर्डोचं, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाचं, १०० लिटर मारलं की तेवढं पडलं. दर छाटणीनंतर आपण किती वर्षं मारत आलो, ते तुम्हाला माहीत आहे.

मला सर्वांत महाग पडलं एका कार्यालयाचं उत्तर. नाव लिहीत नाही. मोहरी फुलोऱ्यात आल्यावर विचारलं, कापून टाकू कुठे? "रोटाव्हेटर मारा, हिरवळीचं खत होईल." पाल्यात आलेलं तांबं परत त्याच मातीत! हंगाम गेला. त्याआधी माती तपासली तर शेरा काय, 'तांबे पुरेसे'. ती डीटीपीए चाचणी मुख्यतः पिकाला तांबं कमी पडतंय का ते बघायची. जास्त झालंय का विचारलं तर या टेबलावरून त्या टेबलावर. द्राक्षाच्या जिल्ह्यात हे व्हावं, याचा संताप अजून जात नाही.

माझ्या मते टोटल कॉपर, म्हणजे मातीतलं एकूण तांबं, तपासा, वरचा थर आणि फूटभर खालचा वेगळा. शेणखत, कंपोस्ट भरपूर घाला, ते तांबं बांधून ठेवतं. आपल्या चुनखडीच्या जमिनीतही ते बरंचसं बांधलेलं असतं, म्हणून ॲसिड सोडून ते मोकळं करू नका. झाडाने जास्त उचलावं म्हणून कुणी ईडीटीए (मातीला बांधलेलं तांबं सोडवणारं रसायन) सुचवेल, तेही नको; सुटलेलं तांबं पावसात खाली उतरून विहिरीला लागू शकतं. मोहरी केलीच तर उपटून बांधाबाहेर न्या, जनावरांना घालू नका. उन्हाळ्यात मेंढ्या बसवत असाल तर त्या तुकड्यात तरी नको. तांबं मेंढीला फार लवकर बाधतं.

आणि आधी एक रोप उपटून मुळं बघा. गाठी असतील तर सूत्रकृमी (मुळांत शिरणारा बारीक जंत) आहे, तांब्याला दोष देऊ नका. मुळं आखूड, जाड आणि तंतुमुळं नसलेली असतील तर तांब्याचा संशय घ्या. फोटो टाका, बघून सांगतो.