सही नेमकी कुठे अडली? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या महिन्यात बहुतेक पत्रे वेर्णा, कुंडई आणि पणजीहून आली. कंपनी मोठी, काम एवढेसे आणि सह्या मोजायला बोटे पुरेनात, असा जवळजवळ सगळ्यांचा सूर. त्यांतले पाच प्रश्न निवडले आहेत.

वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात मी देखभाल विभागात आहे. दीड इंची सिलिकॉन गॅस्केटांचा (पाइपच्या जोडातल्या, गळती रोखणाऱ्या चकत्यांचा) पीआर, म्हणजे खरेदीची मागणी, टाकला, सगळे मिळून अठराशे रुपये. तेवीस दिवसांत पाच सह्या झाल्या, दोन बाकी. तिकडे लाइन गळते आहे. दोष कोणाला द्यायचा?
(वास्को)

दोष नंतर देऊ, आधी पीआर कुठे आहे ते बघा. सॅप या कंपनीच्या संगणक प्रणालीत एमई53एन हा पडदा उघडा आणि ‘रिलीज स्ट्रॅटेजी’ टॅबवर जा. कोणत्या सहीचा कोड बाकी आहे ते तिथे दिसेल. माणसाचे नाव दिसेलच असे नाही, पण कोणता कोड कोणाचा ही यादी खरेदी विभागाकडे असते. बदली होऊन गेलेल्या साहेबांच्याच नावावर तो कोड असतो, हा प्रकार फार जुना आहे. तसे असेल तर रोज आठवणीची मेल पाठवून काही होणार नाही, आयटीकडे कोड बदलण्याची विनंती टाकावी लागेल.

दुसरी शंका: मधल्या काळात कोणी पीआरमध्ये हात घातला का? अर्ध्या वाटेवर संख्या किंवा किंमत वाढवली, तर बहुतेक ठिकाणी झालेल्या सह्या पुसल्या जातात आणि गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनावर येते. संख्या वाढवायची असेल तर दुसरा पीआर काढा. मात्र जास्त सह्या लागणाऱ्या रकमेच्या मर्यादेखाली राहावे म्हणून एकच खरेदी तीन तुकड्यांत करू नका. ऑडिटवाले तारखा आणि पुरवठादार शेजारी शेजारी ठेवतात, आणि मग उत्तर द्यायला तुम्हीच उभे राहता.

आता मूळ दुखण्याकडे. अशी रोजची वस्तू मटेरियल कोडशिवाय (सॅपमधल्या वस्तूच्या क्रमांकाशिवाय), नुसता मजकूर लिहून मागवली तर खरेदीवाला ‘कुठली?’ म्हणून परत पाठवणारच. कोड असला तरी सॅपमध्ये वर्णनाला फक्त 40 अक्षरे मिळतात. ‘गॅस्केट ट्राय-क्लॅम्प फूड ग्रेड प्लॅटिनम क्युअर्ड’ एवढे लिहीपर्यंत जागा संपते आणि माप बाहेर राहते. म्हणून माप आणि पदार्थ आधी लिहा, विशेषणे मागे टाका. इथे माप का महत्त्वाचे, तेही सांगतो. एक इंची आणि दीड इंची ट्राय-क्लॅम्प फेरुलचा (क्लॅम्पने आवळायच्या पाइपटोकाचा) बाहेरचा व्यास एकच, 50.5 मिमी. एक इंची गॅस्केट दीड इंची जोडात आरामात बसते, क्लॅम्पही आवळला जातो. पण आतले भोक लहान असल्याने तिची कड प्रवाहात डोकावते आणि तिच्यामागे माल साचतो. पुढच्या स्वॅबमध्ये (स्वच्छता तपासायला पुसून घेतलेल्या नमुन्यात) ते उघडे पडते. त्यानंतर ज्या सह्या लागतील, त्यापुढे या सात काहीच नाहीत.

क्यूएची, म्हणजे गुणवत्ता विभागाची, सही टाळता येणार नाही, पण लवकर मिळवता येते. त्याच मापाची, त्याच पदार्थाची, मंजूर पुरवठादाराकडची गॅस्केट असेल तर बहुतेक कारखान्यांच्या एसओपीत (लेखी कार्यपद्धतीत) ती जशास तशी बदली धरतात आणि साध्या वर्क ऑर्डरवर भागते. सिलिकॉनऐवजी ईपीडीएम रबर घातलेत की चेंज कंट्रोल, म्हणजे बदलाच्या मंजुरीची औपचारिक प्रक्रिया, आलीच. पुरवठादार बदलला असेल तर 21 सीएफआर 177.2600 या अन्नाला लागणाऱ्या रबराच्या अमेरिकन नियमाचा उल्लेख असलेले प्रमाणपत्र पीआरलाच जोडा. ते नसेल तर क्यूए मागणार, तुम्ही पुरवठादाराकडे मागणार, तो मुंबईला मागणार. आठवडा गेला.

कायमचा उपाय म्हणजे ही वस्तू स्टोअरच्या साठ्यात आणणे. महिन्याला 40 लागतात आणि पीआरपासून माल येईपर्यंत 45 दिवस जातात असे धरा. त्या काळात 60 लागतील, वर 20 हाताशी ठेवा. म्हणजे पुनर्मागणी पातळी 80. मटेरियल मास्टरमध्ये (सॅपमधल्या वस्तूच्या नोंदीत) हा आकडा भरून घेतलात आणि सोबत वर्षाचा दरकरार केलात की साठा 80 वर उतरला की मागणी आपोआप निघते. हा आकडा भरायला एकदा सात सह्या लागतीलही. लागू द्या.

मी खरेदी विभागात आहे. कुंडईच्या एका फॅब्रिकेटरने स्टीलच्या ट्रॉल्या देऊन 70 दिवस झाले, पैसे नाहीत. अकाउंट्स म्हणते जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) नाही, स्टोअर म्हणते तपासणी नाही. गोवा एवढासा, तो माणूस मला प्रत्येक लग्नात भेटतो. तोंड कुठे लपवू?
(फोंडा)

पीओ (खरेदी आदेश), माल मिळाल्याची नोंद आणि बिल या तिन्हींचे आकडे जुळल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. म्हणून आधी ‘मिगो झालंय का’ (सॅपमधली माल मिळाल्याची नोंद) ते बघा, मग ‘मिरो’ (बिलाची नोंद). मिरो होऊनही पैसे अडले असतील तर बिलावर पेमेंट ब्लॉक असतो आणि त्याचे कारण पडद्यावर दिसते: संख्या, दर किंवा तारीख.

आपल्याकडे हमखास सापडणारी एक चूक जीएसटीची. मुख्य कार्यालय मुंबईचे, ट्रॉल्या वेर्ण्याला. बिलावर कंपनीचा 27 ने सुरू होणारा महाराष्ट्राचा जीएसटी क्रमांक पडतो आणि पीओवर 30 ने सुरू होणारा गोव्याचा असतो. गोव्यातल्या गोव्यात सीजीएसटी आणि एसजीएसटी लागायला हवा तिथे आंतरराज्य व्यवहाराचा आयजीएसटी लागतो, आणि अकाउंट्स बिल बाजूला ठेवून देते. कित्येकदा कोणाला न सांगताच. पहिले दोन आकडे आजच तपासा.

दुसरे, तुमच्या हातात कायदा आहे. पुरवठादार उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल तर 2006 च्या एमएसएमई विकास कायद्याच्या कलम 15 प्रमाणे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या पुढे जाता येत नाही. करार नसेल तर 15 दिवस. माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर तो पोचला त्याच दिवशी स्वीकारला असे मानतात. म्हणजे तपासणीचा कागद महिनाभर टेबलावर पडून राहिला म्हणून घड्याळ थांबत नाही. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते.

अकाउंट्सला पाठवायच्या मेलमध्ये पुरवठादाराची कळकळ लिहू नका. उद्यम क्रमांक, माल पोचल्याची तारीख, झालेले दिवस आणि एक वाक्य लिहा: ‘ही रक्कम एमएसएमई-1 विवरणात दाखवावी लागेल का, कृपया कळवावे.’ 45 दिवसांवरची थकबाकी कंपनीला त्या विवरणात वर्षातून दोनदा, 30 एप्रिल आणि 31 ऑक्टोबरपर्यंत, सरकारला कळवावी लागते. या वाक्याने टेबले हलतात.

पुण्याहून बदली होऊन पणजीला आलो, दोन वर्षे झाली. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दुसऱ्या दिवशी गोव्यात सुट्टी, पण पोर्टल मला रजा टाकायला सांगते. एचआर म्हणते, सिस्टिम तशीच आहे.
(म्हापसा)

पगारपत्रक काढा. महिन्याला 200 रुपये व्यवसाय कर कापला जातोय का? गोव्यात हा कर नाही. कापला जात असेल तर सिस्टिमच्या लेखी तुम्ही अजून महाराष्ट्रातच आहात आणि सुट्ट्यांची यादीही तिथलीच लागते. ‘सुट्टी द्या’ म्हणून भांडू नका. बदलीचे पत्र जोडून ‘कामाचे ठिकाण दुरुस्त करा, अमुक तारखेपासून’ असे तिकीट टाका. कापलेल्या कराची विचारणाही त्याच तिकिटात करा, कारण पगाराचा प्रश्न असला की तिकीट लवकर उघडले जाते. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायच्या आठवड्यात हे होणार नाही, महिनाभर आधी हलवा.

कोणीच निर्णय घेत नाही. मेलला उत्तर म्हणून आणखी चार जण सीसीत येतात.
(मडगाव)

एका मेलमध्ये एकच प्रश्न विचारा. उत्तर ज्याने द्यायचे तो एकटा ‘टू’मध्ये, बाकीचे सीसीत. शेवटी लिहा: ‘शुक्रवारी दुपारी चारपर्यंत हरकत न आल्यास पर्याय ब प्रमाणे काम सुरू करतो.’ जिथे नियमाने सही लागते, म्हणजे गुणवत्ता, सुरक्षा आणि पैसा, तिथे मात्र ही युक्ती वापरू नका. तिथे मौन म्हणजे होकार नव्हे.

सहा वर्षे आठ महिने नोकरी करून राजीनामा दिला. तीन महिने झाले, हिशेब नाही. कारण काय, तर ‘नो ड्यूज’वर (काही देणे नसल्याच्या दाखल्यावर) कॅन्टीनची सही नाही. पीएफही काढता येत नाही.
(डिचोली)

वेगवेगळ्या रकमा वेगवेगळ्या मागा, एका गाठोड्यात बांधल्यात तर सगळ्याच कॅन्टीनमध्ये अडकतील.

वेतन: 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेच्या कलम 17 प्रमाणे राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत देय. कलमाचा उल्लेख करून लेखी मागणी करा.

ग्रॅच्युइटी: देय झाल्यापासून 30 दिवसांत, उशीर झाल्यास व्याजासह. सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे तुमची वर्षे सात. ग्रॅच्युइटीसाठी धरले जाणारे शेवटचे मासिक वेतन 26,000 असेल तर त्याला 15 ने गुणून 26 ने भागा, येतात 15,000. गुणिले सात, म्हणजे 1,05,000 रुपये. आकडा मागणीपत्रात स्वतः लिहा. नुसते ‘माझी ग्रॅच्युइटी द्या’ म्हटले तर तो काढायलाच त्यांना महिना लागेल.

पीएफ: बहुधा कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नाही. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले असतील तर ती तुम्हीच भरू शकता. ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर यूएएनने (पीएफच्या कायम क्रमांकाने) आत जा, ‘मॅनेज’मध्ये ‘मार्क एक्झिट’ निवडा, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येईल. तारीख शेवटची वर्गणी ज्या महिन्याची, त्याच महिन्यातली असावी लागते. एकदा भरलेली तारीख पुन्हा सहजी बदलता येत नाही, म्हणून मुक्ततापत्र समोर ठेवूनच भरा.

आणि कॅन्टीनचे म्हणाल तर किती रुपये बाकी आहेत ते मेलवर विचारा. चाळीस-पन्नास रुपयांची कुपने निघाली तर भरून टाका आणि पावती नो ड्यूजला जोडा. आकडाच सांगता आला नाही, तर तीच मेल वेतनाच्या मागणीपत्रासोबत लावा.